खांदेरीचा वेताळ आणि नाव नसलेली माणसं

भुतांनाही एक राजा असतो आणि त्याची ठाणी ठरलेली असतात, असं आपल्या कोकणात पूर्वापार मानतात. हा राजा म्हणजे वेताळ. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला तो वेतोबा होऊन उभा आहे. तिथे भक्त त्याला केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणाही वाहतात. देव रात्रभर गावाच्या राखणीला फिरतो, मग त्याच्या वहाणा झिजणारच! गोव्यात तोच बेताळ होतो. विक्रम राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ आपण गोष्टींतून ओळखतो. पण कोकणातला वेताळ कोडी घालत बसत नाही, तो पहारा करतो. आणि रायगड जिल्ह्यात तर हा राजा थेट समुद्रातच राहायला गेला आहे, थळच्या समोर, खांदेरी बेटावर.

किहीम, थळ किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात दोन बेटं दिसतात. मोठं खांदेरी, त्याच्या अलीकडे धाकटं उंदेरी. इंग्रजांच्या जिभेला ही नावं वळेनात, म्हणून त्यांनी कागदोपत्री त्यांचं हेनरी-केनरी करून टाकलं. खांदेरीवर दोन टेकड्या आहेत, तटबुरूज आहेत, गाड्यावर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत, दीपगृह आहे आणि वेताळाचं देऊळ आहे. आसपासचे कोळी बांधव या वेताळाला फार मानतात. दर्यात जाणाऱ्या माणसाला ज्याचा धाक वाटतो, त्याच्याच हाती तो आपली होडी सोपवतो. धाक आणि भरवसा यांच्यामधलं अंतर समुद्रावर फार थोडं असतं.

याच बेटावर एक वाजणारा खडक आहे. त्यावर लहान दगडाने ठोकलं तर दगडाचा बद्द आवाज येत नाही, एखाद्या धातूच्या भांड्यावर ठोकावं तसा नाद येतो. याचं कारण समजायला कठीण नाही. खडक बारीक कणांचा, घट्ट, भेगा नसलेला असेल आणि थोड्याच जागी टेकलेला असेल, तर तो घंटेसारखा कंप पावतो. पण अंधारात, लाटांच्या गाजेमध्ये, एकाकी बेटावर तो नाद ज्याने पहिल्यांदा ऐकला असेल, त्याच्यापाशी हे स्पष्टीकरण नव्हतं. त्याच्यापाशी गोष्ट होती.

समुद्राची भुतं जमिनीवरच्या भुतांपेक्षा निराळी असतात. जमिनीवर चकवा लागतो. माणूस रात्रभर त्याच शेताभोवती फिरत राहतो. पाण्यात हेच काम गिऱ्हा करतो. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्या माणसाचं भूत. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, वाट चुकवतो, खोल पाण्यात नेतो. त्याच्याबद्दल कोळ्यांमध्ये एक मोठी मजेदार समजूत आहे. गिऱ्ह्याचे केस कापून कुणी लपवून ठेवले, तर तो त्या माणसाचा गडी होतो, मागाल तितकी मासळी आणून देतो. मात्र केस सापडले की मालकाचं काही खरं नाही. मला या गोष्टीत दर्यावर पोट असलेल्या माणसाचा सगळा जमाखर्च दिसतो. समुद्र देतो, भरभरून देतो, पण तो मनापासून दिलेला नसतो. एक दिवस तो हिशेब मागणार, हे तांडेलाला ठाऊक असतं.

या साऱ्या भुतांची नोंद कुणी केली, तेही ऐकण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ए. एम. टी. जॅक्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करायला घेतल्या. संस्कृतचा व्यासंग असल्यामुळे लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याने प्रश्नावली तयार केली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली. तुमच्या गावात कोणती भुतं आहेत, ती कुठे राहतात, कशाला भितात? मास्तरांनी इमानेइतबारे उत्तरं लिहिली. पुढे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. संग्राहक गेला, कागद उरले. ते एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने संपादित केले आणि कोकणाचा खंड १९१५ साली छापून निघाला. एका बाजूला स्वातंत्र्याची पेटलेली लढाई आणि दुसऱ्या बाजूला मुंजा, समंध, हडळ यांची शांतपणे लावलेली यादी! इतिहासाचे कागद असेच हातात येतात. एकाच पुडक्यात दोन वेगळी जगं बांधलेली.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याकडे भुतांनाही जात असते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तर तो मुंजा. ब्राह्मण वासना ठेवून गेला, तर समंध. बाळंतपणात गेली ती हडळ किंवा अळवंतीण. आणि मुसलमान किंवा सिद्दी मेला, तर तो खवीस. माणूस जिवंतपणी ज्या आळीत राहिला, मेल्यावरही त्याच आळीत. मरण सगळ्यांना सारखं करतं असं आपण म्हणतो. लोकांच्या कल्पनेने मात्र तेवढी सवलतही दिलेली नाही.

खवीस हा शब्द अरबीतला. मूळ खबीस, म्हणजे दुष्ट, अपवित्र. बंदरावर उतरलेल्या मालाबरोबर तो कोकणात आला असेल आणि मग गावकुसाबाहेरच्या झाडावर जाऊन बसला. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. या यादीत माझ्यासाठी राखून ठेवलेली जागा कोणती, हे मला ठाऊक आहे. ती वाचून मला हसू येतं, थोडं वाईटही वाटतं. राग मात्र येत नाही, कारण ही वाटणी एकतर्फी नव्हती. आमच्या घरांमधूनही गोष्टी होत्याच. आमच्याकडे मेलेला माणूस परत येत नाही असं मानतात. तो कयामतीपर्यंत दुसऱ्याच मुक्कामी असतो. त्यामुळे आमच्याकडे भुतांची जागा जिन्नांनी घेतली. तिन्हीसांजेला चिंचेखाली जाऊ नये, एवढ्यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत. भीती वाटली की एका घरात रामरक्षा, दुसऱ्या घरात आयतुल कुर्सी. आणि दर्यावर जाणाऱ्या मुसलमान खलाशाला गिऱ्ह्याची हाक ऐकू आली, तर तो काही त्याला धर्म विचारायला थांबत नसे.

एक फरक मात्र मला फार मोलाचा वाटतो. इस्लामी परंपरेत बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे. म्हणजे ज्या माणसाला एका घरात गिऱ्हा म्हणतात, त्यालाच दुसऱ्या घरात शहीद म्हणतात. वरवर पाहता दोन टोकं. पण मुळाशी दुःख एकच आहे. समुद्राने देह परत दिला नाही. चिता नाही, कबर नाही. मग त्या माणसाचं करायचं काय? कुणी त्याला भूत करून किनाऱ्यावर थांबवून घेतलं, कुणी त्याला मोठेपणा देऊन निरोप दिला. विसरायला मात्र दोघेही तयार नव्हते.

आता खांदेरीच्या समुद्रात देह परत न मिळालेली माणसं इतकी का, हे पाहू.

१६७९ सालच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीस, शिवाजी महाराजांच्या हुकमाने खांदेरीवर तटाचं काम सुरू झालं. कामाची धुरा मायनाक भंडारी यांच्याकडे होती. जंजिऱ्याचा सिद्दी आणि मुंबईचे इंग्रज या दोघांच्या मधोमध महाराजांनी ही पाचर मारली होती. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतो आहे, हे पाहून इंग्रज हादरले. बेट आमचं आहे, उठून जा, असा निरोप त्यांनी धाडला. मायनाक भंडाऱ्यांनी दाद दिली नाही. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. तो आणि त्याची काही माणसं तिथेच मारली गेली. मग इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून निसटत आणि बेटावर रसद पोचवत. इंग्रजांची मोठी गलबतं बघत राहत. अंधारात आवाज न करता सरकणाऱ्या त्या होड्या पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाला भुतासारख्याच वाटल्या असतील, अशी कल्पना मी करतो.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी सकाळी मराठ्यांचं आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडलं आणि इंग्रजांवर तुटून पडलं. त्याचा सेनापती होता दौलतखान. इंग्रजांची एक गुराब मराठ्यांनी पकडली, बाकीची बहुतेक छोटी गलबतं पळाली. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांच्या 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने मात्र तोफा डागून मराठ्यांची काही गलबतं बुडवली. पकडलेल्या गुराबीवरच्या मॉलव्हेरर नावाच्या सार्जंटला आणि त्याच्या सोबत्यांना सागरगडावर कैदेत ठेवलं गेलं. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासिमने शेजारच्या उंदेरीवर ठाणं दिलं. दौलतखानाने तिथेही हल्ला केला आणि त्यात तो स्वतः जखमी झाला. शेवटी इंग्रजांनी तह केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढे ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचं निधन झालं. म्हणजे खांदेरी ही त्यांच्या हयातीतल्या अगदी अखेरच्या झुंजींपैकी एक.

या लढाईत कोण कोणाच्या बाजूला होतं, ते नीट पाहावं. मराठ्यांच्या बेटावर मायनाक भंडारी, मराठ्यांच्या आरमारावर दौलतखान. सिद्दी मिस्रीसारखा हबशी दर्यावर्दीही मराठ्यांना येऊन मिळालेला. गलबतांवर कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी. समोर इंग्रज आणि आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातला सिद्दी. गोळा लागून गलबत फुटलं तेव्हा पाण्यात पडलेल्यांमध्ये हे सगळेच होते. भुतांच्या यादीत त्यांच्या जाती लावल्या तर समंध, खवीस, गिऱ्हा अशा वेगवेगळ्या रांगा लागतील. पण तळाशी गेले ते एकाच पाण्यात.

उंदेरीची एक हकिगत तर अंगावर काटा आणणारी आहे. १६८० च्या पावसाळ्यात संभाजी महाराजांच्या सुमारे दोनशे माणसांनी एका काळोख्या रात्री उंदेरीवर उतरून हल्ला केला. तो फसला. बहुतेक सगळे मारले गेले किंवा पकडले गेले. सिद्दीने सुमारे ८० मुंडकी टोपल्यांत भरून मुंबईला माझगावला नेली आणि किनाऱ्याने बांबू रोवून त्यांवर ती लावण्याची तयारी केली. इंग्रजांनी ते होऊ दिलं नाही. एवढं इतिहासाने लिहून ठेवलं आहे. पण त्या ८० जणांची नावं? ती कुणीच लिहिली नाहीत. त्यांच्यामागे कुणाच्या तरी घरी जेवणाचं ताट झाकून ठेवलं असेल. कुणी दारात बसून ओहोटीची भरती होताना पाहिली असेल. त्या घरांपर्यंत ना धड पोचलं, ना मस्तक.

माझं म्हणणं एवढंच आहे की भुताची गोष्ट तिथे जन्माला येते, जिथे इतिहासाची वही कोरी राहते. बखरीत सरदाराचं नाव येतं, कंपनीच्या पत्रांत लेफ्टनंटचं येतं. साध्या खलाशासाठी वहीत ओळ नसते. मग त्याच्या माणसांनी त्याला गोष्टीत जागा दिली. अमावास्येला तटावर कुणीतरी फिरतं, पाण्यावर दिवा दिसतो, कुणीतरी हाक मारतं. हा फिरणारा कोण? वहीत ज्याचं नाव आलं नाही, तो.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ च्या नोव्हेंबरात, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या आरमाराने खांदेरीवर मोठा हल्ला केला आणि हात हलवत परत गेलं. पुन्हा गलबतं फुटली, पुन्हा माणसं पाण्यात गेली. मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांना ते बेट आयतंच मिळालं. मग १८६७ साली त्यांनी तिथे दीपगृह उभारलं. बेटावर आता वेताळ आणि दिवा असे दोन पहारेकरी झाले. एक अंधारात राखण करतो, दुसरा अंधार कमी करतो. कोळ्यांनी एक आला म्हणून दुसऱ्याला रजा दिली नाही. १९९८ साली या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं. आपल्या नौदलाने तर पाणबुडीलाच 'खांदेरी' नाव दिलं. पहिली १९६८ मध्ये दाखल झाली आणि निवृत्त झाली. दुसरी २०१९ मध्ये आली. पाण्याखाली, कुणाला न दिसता फिरणाऱ्या बोटीला खांदेरीचं नाव द्यावं, यात काहीतरी औचित्य आहे खरं.

दिवे आले म्हणून समुद्र मवाळ झाला असं नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आषाढी अमावास्या, ज्या दिवसाला आपण गटारी म्हणतो. सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली 'रामदास' बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांना वाचवलं ते कोळ्यांनी. जाळ्यातली मासळी पाण्यात फेकून त्यांनी होडीत माणसं घेतली. गिऱ्ह्याच्या गोष्टीतला कोळी मासळीसाठी भुताला राबवतो; खऱ्या आयुष्यातल्या कोळ्याने माणसासाठी मासळी सोडून दिली. या दुर्घटनेनंतरही त्या खडकाच्या आसपास हाका ऐकू येतात, अशा गोष्टी किनाऱ्यावर रुजल्या. ज्या घरांतली माणसं परत आलीच नाहीत, त्या घरांना या हाका खोट्या म्हणण्याचं धाडस मला होत नाही.

म्हणून भुतावर विश्वास ठेवा, असं मी सांगतो आहे का? मुळीच नाही. भुताच्या नावावर पैसा उकळणारे, बाईला हडळ ठरवून मारझोड करणारे, आजारी पोराला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणारे, हे सगळं आपल्याकडे झालं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्याविरुद्ध आयुष्य वेचलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भीतीचा धंदा करणाऱ्याला कायद्याने आवरलंच पाहिजे. पण धंदा वेगळा आणि गोष्ट वेगळी. आजी नातवाला गिऱ्ह्याची गोष्ट सांगते तेव्हा ती त्याला एकट्याने उधाणाच्या पाण्यात जाऊ नको, असं सांगत असते. आणि नकळत हेही सांगत असते, की या पाण्यात आपली माणसं गेली आहेत.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात खांदेरी आहे. आनंदाची गोष्ट आहे. आता माणसं येतील, होड्या वाढतील, फोटो निघतील. आणि जिथे पाहुणे जमतात तिथे भुताच्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळतं. उद्या कुणीतरी खांदेरीला 'झपाटलेलं बेट' म्हणून विकायला काढेल. तेव्हा त्या गोष्टीत भीती उरेल, पण माणसं निघून गेलेली असतील. खवीस म्हणजे नुसता अक्राळविक्राळ चेहरा होईल. तो कधीकाळी गलबताच्या शिडाची दोरी ओढणारा कुणीतरी होता, त्याला आई होती, हे कुणाच्या मनातही येणार नाही.

खांदेरीला गेलात तर वाजणारा खडक जरूर वाजवून पाहा. वेताळाला नमस्कार करायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर. पण सोबतच्या मुलांना मायनाक भंडाऱ्यांचं नाव सांगा, दौलतखानाचं सांगा. समोरच्या उंदेरीकडे बोट दाखवून त्या ८० जणांची हकिगत सांगा. एखादा पोरगा नक्की विचारेल, "त्यांची नावं काय होती?" नावं कुठे लिहिलेली नाहीत, असं त्याला खरं ते सांगून टाका. हा प्रश्न एकदा कुणाच्या मनात उठला, की समुद्रातल्या त्या माणसांना भूत होऊन हाका मारत राहण्याची गरज उरत नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)